घराण्यातला दमा, घरातला दमा

आमच्या घराण्यात दमा आहे, असं आमच्याकडे कुणी उघड म्हणत नाही. आजोबांना छातीचा त्रास होता, बाबांना पावसाळी खोकला आहे आणि माझ्या धाकट्या भावाला बाळदमा होता पण तो ‘गेला’, अशी आमची घरगुती मांडणी. चुलतबहिणीला, म्हणजे आमच्या ताईला, मात्र सरळसरळ दमा आहे. ती रोज सकाळ-संध्याकाळ पंप घेते, सिंहगड चढते, नोकरी करते. तिच्यासाठी आलेल्या एका स्थळाकडून पत्रिकेबरोबर विचारणा झाली: घरात काही आनुवंशिक आजार? काकूनं हा प्रश्न घरातल्या दोन जाणत्या माणसांपुढे ठेवला. एक माझी आत्या. तिनं पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या दवाखान्यात आयुष्यभर फॅमिली डॉक्टरकी केली. दुसरा माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा भाचा. तो इथल्याच एका संशोधन संस्थेत जनुकांचे क्रम वाचायचं काम करतो. दोघांची उत्तरं इतकी वेगळी निघाली की तो विषय त्या संध्याकाळी संपला नाही, पुढेही कितीतरी दिवस चालू राहिला. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं ते दोघांच्या परवानगीनं इथे देते आहे.

भाचा : आत्या, प्रश्न सरळ विचारलाय, उत्तरही सरळ द्यावं. दमा आनुवंशिक आहे. आजोबा, बाबा, मी, ताई. यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा?

आत्या : तुझ्या आजोबांचं सगळं आयुष्य शनिवारातल्या वाड्यात तळमजल्यावरच्या खोलीत गेलं. मागच्या भिंतीला बारा महिने ओल. तुझा बाप त्याच खोलीत वाढला. तू रांगायला लागलास तोही तिथेच. मला माडीवरची खोली मिळाली, मला दमा नाही. आता हे जनुकांचं म्हणायचं की भिंतीचं?

भाचा : हा आक्षेप फार जुना आहे आणि योग्यही आहे. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट कुक आणि अल्बर्ट व्हँडर व्हीर या डॉक्टरांनी 1916 साली अ‍ॅलर्जीच्या 504 रुग्णांची चौकशी केली. त्यातल्या शेकडा 48 जणांच्या घरात आणखी कुणाला तरी तसाच त्रास होता. निरोगी माणसांत हेच प्रमाण शेकडा 14 च्या आसपास निघालं. तेव्हाही कुणी म्हणू शकलं असतं की घर एक, हवा एक. म्हणून पुढे जुळ्यांचा अभ्यास झाला. एकाच बीजापासून झालेली जुळी आणि दोन बीजांची जुळी, दोन्ही एकाच घरात वाढतात. तरी एकाला दमा असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण एकबीज जुळ्यांमध्ये बरंच जास्त सापडतं. स्कँडिनेव्हियातल्या जुळ्यांच्या मोठ्या नोंदवह्यांवरून हे पुन्हा पुन्हा दिसलंय. भिंत दोघांना सारखीच होती, आत्या. फरक जनुकांचा होता.

आत्या : आणि एकबीज जुळ्यांमध्ये एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही, असं होतं की नाही?

भाचा : होतं. बऱ्याचदा होतं.

आत्या : मग तेही त्याच दमात सांगत जा.

यानंतर भाऊ ट्रिस्टन द कुन्हा या बेटाकडे वळला. त्याचं हे फार आवडतं उदाहरण आहे, आणि खरोखर विलक्षणही आहे. दक्षिण अटलांटिक महासागरात, कुठल्याही मोठ्या जमिनीपासून दोन हजार किलोमीटरहून दूर असलेलं हे बेट एकोणिसाव्या शतकात वसलं. आजची दोन-अडीचशे माणसं जेमतेम पंधरा मूळ वसाहतकऱ्यांची वंशज आहेत. लग्नं आपापसातच झाली. त्या पहिल्या माणसांत काही जणांना दमा होता. टोरंटोच्या नोए झमेल यांच्या पथकानं 1990 च्या दशकात तिथे जाऊन सगळ्यांना तपासलं तेव्हा निम्म्याहून अधिक माणसांत दम्याची कमी-अधिक चिन्हं दिसली. समुद्राची स्वच्छ हवा, वाहनांची गर्दी नाही. आत्यानं हे शांतपणे ऐकून घेतलं. बेटाच्या गोष्टीवर तिनं वाद घातला नाही. तिनं आपली गोष्ट काढली आणि ती थेट पुण्याच्या उकिरड्यावरची होती.

आत्या : तुझं बेट राहू दे, मी तुला पुण्याचं सांगते. गाजर गवत. खेड्यात याला चटकचांदणी म्हणतात, कुणी काँग्रेस गवत म्हणतात. हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. 1955 च्या सुमाराला ते पुण्यात उकिरड्यांवर वाढलेलं दिसलं आणि पुढच्याच वर्षी शेषगिरी राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याची नोंद छापली. आयात गव्हाबरोबर आलं असं लोक सांगतात. कसंही येवो, पुढच्या वीस वर्षांत ते मुळा-मुठेच्या काठापासून देशभर पसरलं. माझ्या दवाखान्यात पर्वतीच्या उतारावरची माणसं यायची. गवंडी, माळी, म्हशी राखणारे. पापण्या सुजलेल्या, मानेची कातडी जाड आणि काळी पडलेली, कोपराच्या खळग्यात ओल्या खरजेसारखं. पायाला काही नाही, पोटाला काही नाही, जिथे वारा लागतो तेवढंच. काही जणांना सप्टेंबर-ऑक्टोबरात नुसत्या शिंका आणि नाकातून पाणी, आणि त्यातल्या काहींना पुढे धाप. आता मला सांग, 1955 च्या आधी पुण्यात एकाच्या तरी घराण्यात गाजर गवताची अ‍ॅलर्जी होती का?

भाचा : नव्हती. गवतच नव्हतं.

आत्या : आणि जनुकं?

भाचा : जनुकं होती.

आत्या : तीच होती. पणज्याची, खापरपणज्याची. पिढ्यान् पिढ्या ती माणसं त्याच जनुकांनिशी धडधाकट जगली. बाहेरून एक झाड आलं आणि एका पिढीत नवा आजार उभा राहिला. झाड कुणाच्या बीजात नव्हतं, ते आपल्या रिकाम्या प्लॉटवर होतं.

भाचा : पण आत्या, त्याच उतारावर राहणाऱ्या सगळ्यांना झालं का?

आत्या : नाही. दहा माणसं त्याच वाटेनं जायची, एखादाच यायचा.

भाचा : तोच तर माझा मुद्दा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न धरला. त्या शहरात शेकडा सातच्या आसपास माणसांना गाजर गवताच्या परागांमुळे नाकाचा त्रास होतो असं त्यांना आढळलं. मग त्यांनी रुग्णांची एचएलए तपासली. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर ही प्रथिनं असतात. बाहेरचा कण शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवायचं काम त्यांचं, आणि ती हुबेहूब आईबापांकडून येतात. रुग्णांमध्ये त्यातले काही प्रकार निरोगी माणसांपेक्षा जास्त सापडले. 1990 साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे गवत सगळ्यांच्या नाकात गेलं, पण त्याला शत्रू ठरवलं ते काहींच्याच शरीरानं, आणि तो निवाडा निदान काही अंशी वारशानं आलेला होता.

आत्या : काही अंशी.

भाचा : मी कधीच ‘पूर्णपणे’ म्हटलेलं नाही.

आत्या : तू नाही म्हणत. लोक ऐकतात मात्र तसंच.

मला या वादाचं मर्म इथेच वाटतं. दोघंही एकाच उतारावरच्या एकाच गवताबद्दल बोलत होते. आत्या विचारत होती, हा आजार या गावात आला कुठून? भाऊ विचारत होता, आला तेव्हा तो या दहांतल्या नेमक्या कुणाला धरतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला रिकामे प्लॉट पाहावे लागतात, दुसऱ्यासाठी रक्ताचा नमुना लागतो. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं की गोंधळ होतो, आणि आपल्याकडे घरोघरी तेच होतं. ‘आमच्यात आहेच दमा’ असं म्हटलं की घरात जळणाऱ्या मच्छर कॉइलकडे पाहायची गरज उरत नाही.

त्या कॉइलवरून आत्याचा आवाज चढला.

आत्या : एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून जितके सूक्ष्म कण निघतात तितके निघायला 75 ते 137 सिगारेटी जाळाव्या लागतात, असं 2003 सालच्या एका मोजणीत दिसलं होतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनची माणसं वर्षानुवर्षं हे ओरडून सांगतायत. जनता वसाहतीत दहा बाय दहाच्या खोलीत, दार बंद, पाच माणसं आणि पलंगाखाली कॉइल. पोराचं पोट उडतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, आणि आई मला विचारते, “डॉक्टर, याच्या आजोबांना होता, म्हणून याला झाला ना?” तिला मी काय सांगू? गुणसूत्रांची नावं सांगू?

भाचा : हो, एक सांग. सतरावं. 2007 साली लंडनच्या विल्यम कुकसन आणि मिरियम मोफॅट यांच्या पथकानं संपूर्ण जनुकसंच चाळून बालदम्याशी जोडलेली पहिली ठळक जागा शोधली, ती सतराव्या गुणसूत्रावरची. पुढच्याच वर्षी फ्रेंच संशोधकांनी तीच जागा वेगळ्या कुटुंबांत तपासली. तिचा परिणाम कुणात दिसला माहितीये? ज्यांना चार वर्षांच्या आत दमा सुरू झाला त्यांच्यात. आणि त्यातही लहानपणी ज्यांच्या घरात कुणी सिगारेट ओढायचं त्यांच्यात सगळ्यात जास्त. म्हणजे त्या आईला सांग की आजोबांकडून याच्या वाट्याला जे आलं असेल, त्याला धूर मिळाला की ते जास्त उसळतं. म्हणून तुझ्या घरात कॉइल इतरांपेक्षा आधी बंद व्हायला हवी. घराण्यात दमा आहे हे कॉइल चालू ठेवायचं निमित्त नव्हे, ती बंद करायचं सगळ्यात मोठं कारण आहे.

आत्या : हे बरं बोललास. पण तुझ्या लेखांमध्ये हे असं कुठे लिहिलेलं असतं?

भाचा : असतं. आकड्यांच्या तक्त्यात.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं आमिश आणि हटराइट लोकांचा विषय काढला. भाच्याची परीक्षा घ्यायची असली की ती अशीच त्याच्याच मैदानात उतरते. अमेरिकेतले हे दोन्ही शेतकरी पंथ युरोपातून गेलेले, बाहेर लग्नं न करणारे, जनुकांच्या हिशेबात एकमेकांना खूप जवळचे. खाणंपिणं सारखं, कुटुंबं मोठी, तंबाखूचा धूर घरात नाही. तरी आमिश शाळकरी मुलांत दमा शेकडा 5 आणि हटराइट मुलांत शेकडा 21. दोन्ही गटांतली तीस-तीस मुलं बारकाईनं तपासून हा अभ्यास 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. फरक गोठ्याचा होता. आमिशांची गाईगुरं घराला लागून, मुलं लहानपणापासून गोठ्यात खेळणारी. हटराइटांची शेती यंत्रांची, गोठा वस्तीपासून दूर. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या कवचातून येणारे घटक जवळजवळ सातपट होते, आणि ती धूळ उंदरांना हुंगवली तर त्यांचाही दम्यापासून बचाव झाला.

आत्या : जनुकं जवळजवळ तीच आणि आजार चौपट. आता बोल.

भाचा : बोलतो. त्याच सतराव्या गुणसूत्रावरच्या जागेचा युरोपातल्या खेड्यांमधल्या बाळांत अभ्यास झालाय. ज्यांच्यात दम्याकडे झुकणारा प्रकार होता, त्याच मुलांना गोठ्याचा फायदा जास्त दिसला. जे जनुक धुराशी गाठ पडली की घात करतं तेच गोठ्याशी गाठ पडली की आधार देतं. तू जनुकं एका पारड्यात आणि परिसर दुसऱ्या पारड्यात टाकतेस. इथे तर जनुकाचा गुण चांगला की वाईट हेच परिसर ठरवतोय.

आत्या : पण हे ऐकून कुणी पोराला गोठ्यात नेऊन बसवू नये, एवढं मात्र लिही बाई.

(हे मला उद्देशून होतं, म्हणून लिहिते.) आत्याचं म्हणणं असं की आपल्या खेड्यातल्या घरात गोठा आणि चूल शेजारी-शेजारी असतात. गोठ्यानं दिलेलं चूल हिरावून घेते. वढू परिसरातल्या गावांतून पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं आणि चेस्ट रिसर्च फाउंडेशननं केलेल्या पाहण्यांत आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या बायकांची फुप्फुसं कामातून गेलेली दिसली आहेत. परदेशातला निष्कर्ष इथे आणताना चुलीकडे आधी पाहावं लागतं.

भावाला यातून आणखी एक गोष्ट सुचली. जनुकांवरचे बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. कातडीची तटबंदी बांधणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल तर एक्झिमाची आणि पुढे दम्याचीही शक्यता वाढते, हे डंडीच्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटानं 2006 साली दाखवलं. पण तिकडे सर्रास सापडणारे त्यातले दोन बिघाड आशियातल्या लोकांत क्वचितच सापडतात, इकडचे बिघाड वेगळे असतात. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. त्याआधी आपल्या जातीजमातींमधली विविधता मोठ्या प्रमाणावर नोंदलेलीच नव्हती. तेव्हा आज बाजारात लाळेचा नमुना पाठवून जी ‘दम्याचा धोका’ सांगणारी पत्रकं मिळतात, त्यावर भावाचा स्वतःचा काडीचाही विश्वास नाही. दम्याशी जोडलेल्या शंभरावर जागा आता माहीत आहेत, पण एकेकीचा वाटा इतका लहान आहे की सगळ्या मिळूनही एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. तुझ्या आईला दमा आहे का, एवढा एक प्रश्न त्या पत्रकापेक्षा जास्त सांगून जातो, असं तो म्हणाला. हे ऐकून मला बरं वाटलं. स्वतःच्या शास्त्राची मर्यादा त्यानं न विचारता सांगितली.

पण ‘तुझ्या आईला’ हे शब्द आत्याला टोचले.

आत्या : आईलाच का?

भाचा : कारण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर वडलांच्या दम्यापेक्षा आईच्या दम्यानं मुलाचा धोका थोडा जास्त वाढतो. दोघांकडून जनुकं निम्मी-निम्मीच येतात, मग हा जादाचा भाग कुठून आला? बहुधा गर्भातून. नऊ महिने ते बाळ आईच्या श्वासावर, आईच्या आहारावर, आईच्या शरीरातल्या दाहावर वाढतं. जनुकाची अक्षरं न बदलताही ते किती आणि कधी बोलेल हे त्या काळात ठरू शकतं. याच के.ई.एम.च्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला, तो मधुमेहासाठी. आईच्या पोटातले दिवस पुढच्या आयुष्यावर किती खोल ठसा ठेवतात, हे जगाला सांगण्यात पुण्याच्या त्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे.

आत्या : म्हणजे गरोदरपणात दम्याचं औषध सोडलं तर?

भाचा : तर नुकसान बाळाचंही. औषध चालू ठेवणं जास्त सुरक्षित आहे, हे तूच मला शिकवलंस.

आत्या : शिकवलं, पण आपल्याकडे होतं उलटं. दिवस राहिले की पहिल्यांदा सासू पंप बंद करायला लावते. आणि मूल घरघरायला लागलं की म्हणते, आईकडूनच आलं. औषध काढून घेणारी तीच आणि बोल लावणारीही तीच. तुझं ‘आईचा वाटा थोडा जास्त’ हे वाक्य अशा घरात पोचलं की त्याचं काय होतं, याचा विचार तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं करत नाही.

तिचा राग मला पटतो. ताईच्या स्थळाचा प्रश्न मग आपोआपच पुढे आला.

भावाचं मत ठाम होतं. लपवू नये, आणि आकडाही सांगावा. आईबापांपैकी एकाला दमा असेल तर ढोबळ मानानं चारांतल्या एका मुलाला होण्याची शक्यता असते, घरात कुणालाच नसलं तरी ती दहातल्या एकाच्या आसपास असतेच. म्हणजे चारांतली तीन मुलं दम्याशिवाय जन्माला येतात आणि तशीच वाढतात. शिकलेल्या माणसांना हे समजायला हवं. आत्या म्हणाली, बैठकीत बसलेल्या माणसांना चारांतला एकच ऐकू येतो, बाकीचे तीन ऐकू येत नाहीत. आणि शिवाय, मुलाकडच्यांपैकी कुणी स्वतःच्या घरातल्या मधुमेहाचा, रक्तदाबाचा, हृदयविकाराचा हिशेब मांडून आलंय का? त्यांची जनुकं तपासायला कुणी मागितली?

मग तिनं एक गोष्ट सांगितली. लग्न होऊन पुरतं वर्षही न झालेली एक मुलगी रात्री साडेदहाला दवाखाना बंद होताना रिक्षातून आली. ओठ निळे, वाक्य पुरं होत नव्हतं, दोन शब्द आणि श्वास, दोन शब्द आणि श्वास. नवरा घाबरून म्हणत होता, हिला असं काही नव्हतं. नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन दिला, अँब्युलन्स बोलावली. तिची आई आली तेव्हा कळलं की मुलगी सातवीपासून पंप घेत होती. लग्नाआधी घरात ठरलं की सांगायचं नाही. काही महिने ती पंप पावडरच्या डब्यामागे ठेवायची, न्हाणीघरात जाऊन घ्यायची. मग जावेनं विचारलं हे काय, म्हणून बंदच केला. मुलगी वाचली. आत्या म्हणाली, त्या रात्री मला जनुकांचाही राग आला नाही आणि धुराचाही नाही, त्या ठरवण्याचा आला.

म्हणून आत्याही लपवायच्या बाजूची नाही. दोघांमधला फरक कुणी आणि कसं सांगायचं याचा आहे. तिचं म्हणणं, पत्रिकेसोबतच्या कागदावर ‘आनुवंशिक आजार : दमा’ असं लिहून मुलीला आजाराच्या रांगेत उभं करू नये. मुलीनं मुलाला स्वतः सांगावं: मला दमा आहे, मी रोज औषध घेते, पुढेही घेणार, दिवस गेले तरी घेणार, आणि घरात कॉइल किंवा सिगारेट चालणार नाही. भाऊ म्हणाला, हे छान आहे, पण समोरच्यानं विचारलंच की मुलांना होईल का, तर तिच्याजवळ खरं उत्तर हवं, आणि खरं उत्तर आकड्याशिवाय देता येत नाही. ताईनं दोघांचं ऐकलं आणि दोन्ही केलं. त्या स्थळाचं काय झालं हा इथला विषय नाही. माझ्यापुरतं सांगते: घराण्यातल्या दम्याची चौकशी डॉक्टरनं करावी, आणि ज्याला दमा आहे त्याच्या उपयोगासाठी करावी. त्याला पारखून बाजूला ठेवण्यासाठी ती करू लागलो की माणसं खोटं बोलतात, आणि त्या खोट्याची किंमत मोजायला त्यांची फुप्फुसं पुढे होतात.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा भावानं असं काही सांगितलं जे मला आधी सुचलं नव्हतं.

भाचा : ते खोटं आमच्या प्रयोगशाळेतही येतं. जनुकांचा अभ्यास म्हणजे काय? दमा असलेली हजार माणसं आणि दमा नसलेली हजार माणसं घ्यायची आणि दोघांच्या अक्षरांत कुठे फरक आहे ते पाहायचं. पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांवर सव्वा लाखाहून अधिक मुलं आणि पालक यांची पाहणी झाली, ती 2022 साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या छातीत त्या वर्षात घरघर झाली होती त्यांच्यापैकी शेकडा 82 जणांना दमा आहे असं कुणी सांगितलेलंच नव्हतं. तीव्र दमा असलेल्यांतही शेकडा 70 जणांचं निदान नव्हतं. आता आमच्या अर्जावर प्रश्न असतो, तुम्हाला दमा आहे का, हो किंवा नाही. हे सगळे ‘नाही’ लिहिणार आणि आमच्या निरोगी गटात जाऊन बसणार. मग जनुकांचा फरक दिसणार कसा?

आत्या : आणि निदान झालेल्यांतही रोजचा पंप घेणारे किती?

भाचा : शेकडा दहासुद्धा नाहीत.

आत्या : बाकीचे निळ्या पंपावर. धाप लागली की दोन फवारे, बरं वाटलं की विसरले. आतली सूज तशीच राहते. नुसत्या त्या पंपावर कुणालाही ठेवू नका, असं 2019 पासून जागतिक मार्गदर्शिकाच सांगते. पण लोकांना रोजच्या पंपातल्या स्टिरॉइडची भीती. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि जोराचा झटका आल्यावर ज्या गोळ्या गिळाव्या लागतात त्यांची मिलिग्रॅममध्ये. मायक्रोग्रॅमला घाबरायचं आणि मिलिग्रॅमवर जाऊन पोचायचं. तुझी ती नवी इंजेक्शनं आहेत ना, जनुकांनी बोट दाखवलेल्या रेणूंना अडवणारी?

भाचा : आहेत. टीएसएलपी नावाचा रेणू घे. दम्याशी जोडलेल्या जागांच्या यादीत त्याचं जनुक आधीच आलेलं होतं. त्याला अडवणारं औषध 2021 साली अमेरिकेत मंजूर झालं. ज्यांचा दमा कशालाच दाद देत नाही त्यांना त्यानं मोठा दिलासा मिळतो.

आत्या : मिळू दे. त्याला माझा विरोध नाही, ज्याला खरंच गरज आहे त्याला ते मिळालंच पाहिजे. पण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या शंभरातल्या पंच्याण्णवांना साधा रोजचा पंप नीट घेतला तरी पुरेल. तो आधी त्यांच्या हातात जाऊ दे.

भाचा : मग मला एक सांग. ‘दमा आहे का’ असं विचारून उत्तर मिळत नाही. तुला कसं मिळायचं?

आत्यानं चष्मा काढला. तिच्या दवाखान्यातला हा सगळ्यात जुना धडा आहे, आणि तो तिनं कुणाला लिहून दिलेला नव्हता. भावानं फोनवर टिपून घ्यायला सुरुवात केली.

आत्या : दम्याचं नावच काढायचं नाही. विचारायचं, घरात कुणी रात्री उठून बसायचं का? उशा रचून, भिंतीला टेकून झोपणारं कुणी होतं का? मग उत्तर येतं, हो, आजी. मग विचारायचं, पहिल्या पावसात, दिवाळीत घर झाडताना, फोडणीच्या ठसक्यानं कुणाचा खोकला थांबायचा नाही असं आहे का? शाळेत पी.टी.तून कुणाला सूट होती का? सर्दी झाली की प्रत्येक वेळी छातीत उतरते आणि तीन-तीन आठवडे राहते असं कुणाचं आहे? लहानपणी कुणाला वारंवार वाफ द्यायला न्यायचे?

भाचा : हे सगळं दम्यात मोडेल?

आत्या : सगळं नाही. आजी चुलीपुढे बसणारी असेल तर तिचं वेगळं काही असू शकतं. म्हणून पुढचा प्रश्न, ती माहेरीही अशीच उठून बसायची का? लहानपणापासून असेल तर तुझ्या कामाचं, चाळिशीनंतर लागलं असेल तर आधी धूर शोध. आणि कातडी विचार. कोपराच्या, गुडघ्याच्या खळग्यात खाज, ती बाळपणी होती का? नाक विचार. उठल्या उठल्या दहा-दहा शिंका देणारं कुणी?

भाचा : बाबा.

आत्या : तुझा बाप, आणि तूही. तुझा बाळदमा गेला म्हणतोस ना? मागच्या डिसेंबरात तुला जो खोकला आला होता तो किती दिवस राहिला?

भाचा : महिनाभर.

आत्या : मग उद्या जाऊन स्पायरोमेट्री करून घे. आणि तुझ्या त्या अर्जात स्वतःला कोणत्या गटात टाकलं होतंस, तेही बघ.